कोयता निघाला कारखान्याला, आजी राहिली घरी : उचलायचं, वळवायचं, भरवायचं शिक्षण दसऱ्याआधीच का हवं

बीड : दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच गावाच्या कडेला ट्रॅक्टर येऊन थांबतात. धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज, गेवराई या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर आणि तांड्यांवर हे दर सालचं आहे. मुकादमाची उचल घेतलेली असते. पीठ-मीठ, भांडीकुंडी, सरपण, शेळी, कोंबड्या सगळं गाडीत चढतं. चढत नाही ते लकवा मारून एक बाजू गेलेलं म्हातारं माणूस. जन्मापासून पाय न चालणारा दीर चढत नाही, डोळ्यांनी न दिसणारा सासरा चढत नाही. त्यांच्याजवळ राहते सातवी-आठवीतली नात, नाहीतर शेजारची काकू. पुढचे पाच-सहा महिने त्या घरातला सगळा कारभार या दोघींच्या हातात.

आता दुसरीकडे बघा. दिव्यांगांसाठी आणि ज्येष्ठांसाठी तालुक्याला जे कार्यक्रम होतात, त्यांतला मोठा वाटा ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाच्या आसपास येतो. साहित्य वाटप असतं, मार्गदर्शन असतं, सत्कार असतो. पण त्या दिवशी आजीला रोज उठवणारी सून कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात असते. जिला शिकायचं ती हजर नाही, आणि जी मागं राहिली तिला कोणी बोलावलेलं नाही. १ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन त्या मानाने सोयीचा, पण तो गावोगावी शाल, श्रीफळ आणि भाषणातच जातो.

सुनेने घरी राहावं, असं म्हणणं सोपं आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको मागं राहिली की अर्धा कोयता होतो आणि उचल मात्र दोघांच्या नावावर घेतलेली असते. ती फिटली नाही तर पुढच्या सालावर चढते. म्हणून आजी बाजेवर असली तरी सुनेला जावं लागतं. हा नाइलाज आहे, निष्काळजीपणा नाही, हे आधी समजून घेतलं म्हणजे पुढचं सगळं नीट लागतं.

मुलांसाठी निदान काही सोय झाली आहे. गावात हंगामी वसतिगृह चालतं, ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. नातीचं जेवण शाळेत होतं, पण आजीचं जेवण, आजीची कूस आणि आजीचं न्हाणीघर हे कुठल्याच हंगामी योजनेत बसत नाही. ते घरातल्यांनीच निभवायचं, आणि निभवायचं तर कोणीतरी हात धरून शिकवायला हवं.

वाटप होतं, शिकवणं राहतं

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून (सुरुवात २०१७) साठीच्या पुढच्या गरीब माणसांना काठी, वॉकर, कुबड्या, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी असं साहित्य मिळतं. दिव्यांगांसाठी एडिप ही त्याहून जुनी योजना आहे. दोन्हींत आधी तपासणी शिबिर होतं, मोजमाप घेतलं जातं आणि नंतर कधीतरी वाटप होतं. साहित्य बहुतेक वेळा कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीचं असतं आणि ते वाईट नसतं. अडचण पुढं सुरू होते.

खुर्ची घरी येते. चार दिवस तिच्यावर माणूस बसतं, नंतर बियाण्याची पोती. कारण साधं आहे. मोठ्या माणसाची साधी चाकाची खुर्ची बाहेरून साधारण २५-२६ इंच रुंद असते. आपल्याकडच्या पत्र्याच्या खोलीचं दार कितीचं, संडासाचं कितीचं, हे तपासणी शिबिरात क्वचितच विचारलं जातं. शिबिराला जाताना दाराचं माप सुतळीने घेऊन जावं. खरं तर पुष्कळ घरांत चाकाच्या खुर्चीच्या आधी कमोड खुर्ची लागते. मधोमध भोक आणि खाली भांडं असलेली ही खुर्ची बाजेशेजारी ठेवता येते आणि रात्री अंधारात संडासापर्यंत ओढत न्यावं लागत नाही. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांच्या पुढच्या, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या माणसाला एकदाच ३,००० रुपये खात्यावर मिळतात. ते कमोड खुर्चीसाठीही वापरता येतात. हे माहीत नसल्याने ते पैसे किराण्यात जातात.

काठीचंही तसंच. ज्या पायात दुखणं त्याच बाजूच्या हातात काठी धरलेली माणसं कुठल्याही बाजारात दिसतील. ते चुकीचं आहे. डावा गुडघा दुखत असेल तर काठी उजव्या हातात धरायची आणि डावा पाय व काठी बरोबरच पुढं टाकायची. मग अंगाचा भार दोन बाजूंना वाटला जातो. काठीची उंची मनगटाच्या घडीपर्यंत हवी, म्हणजे कोपर किंचित वाकलेला राहतो. खालचं रबरी बूच झिजलं की फरशीवर काठी सटकते. बूच स्वस्तात मिळतं, खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन.

श्रवणयंत्र पेटीत पडून राहतं कारण पहिल्याच दिवशी आजोबांना लग्नाच्या मांडवात घालून नेलं आणि सगळा कल्ला डोक्यात गेला. सुरुवातीला शांत घरात, एका माणसाशी बोलताना, दिवसातून तासभरच घालायचं असतं. शिट्टी वाजायला लागली तर बहुतेक वेळा ते कानात नीट बसलेलं नसतं. सेल संपतात हेही कोणी सांगितलेलं नसतं. एवढं सांगायला दहा मिनिटं लागतात, पण वाटपाच्या मांडवात फोटोची रांग लांब असते.

एका दिवसात काय शिकवायचं

समजा, एका वाडीवरच्या घरात सत्तरीची आजी आहे. उन्हाळ्यात लकवा मारला, उजवी बाजू गेली. बोलणं अडखळतं, समजतं सगळं. सून कार्तिकात जाणार. या घरासाठी गावात एका दिवसाचं शिक्षण लावलं तर त्यात भाषण नको. एक बाज, एक चाकाची खुर्ची, दोन उशा, एक लांब उपरणं आणि बाजेवर झोपायला तयार असलेलं एक धडधाकट माणूस एवढं सामान पुरतं. जमलेल्या प्रत्येक बाईने, पोरीने, गड्याने स्वतःच्या हाताने करून बघायचं.

पहिली गोष्ट कुशीची. एकाच जागेवर पडून राहिलं की हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी दबते, तिथलं रक्त थांबतं आणि आतून मांस सडायला लागतं. वर दिसतं ते उशिरा. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू ही त्याची ठिकाणं. रोज आंघोळीच्या वेळी ती बघायची. गोऱ्या अंगावर लाल डाग दिसतो, सावळ्या अंगावर तो लाल दिसत नाही. जागा काळपट-जांभळी पडते, हाताला गरम किंवा टणक लागते. बोटाने दाबून सोडलं आणि रंग जराही बदलला नाही तर जखम सुरू झाली असं समजायचं. त्या जागेवर चोळायचं नाही. तेल रगडून मालिश केली की बरं वाटेल ही समजूत जुनी आहे, पण दबलेली कातडी चोळल्याने आणखी फाटते. हळद, राख, पावडर भरायची नाही. रबरी ट्यूब फुगवून तिच्यावर बसवायचं नाही, त्याने कडेचं रक्त आणखी अडतं.

उपाय एकच, तो म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलणं. उताणं, डावी कूस, उजवी कूस. पाठीमागं दुमडलेली वाकळ लावली की माणूस त्या कुशीवर टिकतं. गुडघ्यांच्या मध्ये उशी, पोटऱ्यांखाली घडी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. ओढत सरकवायचं नाही, खाली घातलेल्या चादरीसकट दोघांनी उचलून सरकवायचं.

इथंच खरी अडचण येते. नात साडेनऊला शाळेत जाते, पाचला येते. मधल्या साडेसात तासांत कूस कोण बदलणार? ज्या गावात हे शिक्षण नुसतं घरच्यांना दिलं जातं तिथं ते इथं येऊन अडकतं. म्हणून शेजारच्या दोन घरांतल्या बायकांनाही त्या दिवशी बसवायचं आणि बाजेशेजारच्या भिंतीवर खडूने वेळा लिहायच्या. दहा वाजता कोण, बारा वाजता कोण, दोनला कोण. हवेची गादी मिळाली तर उत्तम, पण ती असली तरी कूस बदलणं सुटत नाही आणि लाइट गेली की ती बसते.

दुसरी गोष्ट उठवण्याची. जास्तीत जास्त इजा यातच होते, आजीला आणि उठवणाऱ्यालाही. आपल्याकडं काखेत हात घालून किंवा हाताला धरून ओढतात. लकव्याचा हात खांद्यातून आधीच सैल झालेला असतो, तो ओढला की सांधा खाली उतरतो आणि दुखणं कायमचं लागतं. लुळा हात कधीच ओढायचा नाही. आजीला आधी चांगल्या कुशीवर वळवायचं, पाय बाजेखाली सोडायचे, मग खांद्यामागून आधार देऊन बसवायचं. लगेच उभं करायचं नाही, दोन मिनिटं बसू द्यायचं, चक्कर जाऊ द्यायची. खुर्ची तिच्या चांगल्या बाजूला, म्हणजे या आजीच्या डाव्या हाताला लावायची, दोन्ही ब्रेक ओढायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करायच्या. उपरणं कमरेभोवती बांधून त्याला धरायचं. उचलणाऱ्याने कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं, आणि आपला गुडघा आजीच्या लुळ्या गुडघ्याला टेकवून तो दुमडू द्यायचा नाही. तीन म्हणताच दोघांनी मिळून उठायचं. आजीलाही सांगायचं, तिच्या डाव्या पायात जोर आहे, तो ती लावते. आपण मात्र तिला पोत्यासारखं उचलतो.

तेरा वर्षांच्या मुलीने हे एकटीने करायचं नाही. शिकवणाऱ्याने हे सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगायला हवं, कारण घरचे मनातून धरून चाललेले असतात की पोरगी करील. पोरगी भरवील, पाणी देईल, कुशीला हात लावील. उठवायला दोन मोठी माणसं लागतात. त्या दोघांची नावं त्याच दिवशी ठरली पाहिजेत, आणि आजी बाईमाणूस असेल तर बायकांचीच. पुरुषाने उचललेलं तिला चालत नाही म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही. तिला तहान नाही, असं घरच्यांना वाटतं.

चाकाची खुर्ची उंबऱ्यावरून नेताना पुढची चाकं मागं झुकवून चढवायची. उताराला किंवा पायरी उतरताना खुर्ची उलटी करून मागची चाकं आधी उतरवायची, तोंड पुढं करून ढकललं तर माणूस तोंडावर पडतं. शाळा, ग्रामपंचायत, मंदिरापुढं जे उतार बांधतात त्यांचंही एक माप आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सहा इंचांची पायरी असेल तर सहा फुटांचा उतार हवा. आपल्या गावातल्या उताराला टेप लावून बघा. पुष्कळ ठिकाणी तो फक्त बिल निघण्यापुरता असतो, वर जाण्यापुरता नाही.

तिसरी गोष्ट भरवण्याची. लकव्यानंतर गिळणं कच्चं होतं. आडवं ठेवून पाणी पाजलं तर ते श्वासनळीत जातं, ताप येतो, न्यूमोनिया होतो, आणि घरचे म्हणतात थंडी बाधली. सरळ बसवून, हनुवटी थोडी छातीकडं झुकवून, छोट्या चमच्याने भरवायचं. एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. पातळ पाणी सगळ्यांत जास्त ठसकतं, घट्ट आंबील, मऊ कण्या, वरणात कुस्करलेली भाकर त्या मानाने बरी जाते. घास चांगल्या बाजूच्या गालात ठेवायचा आणि शेवटी लुळ्या बाजूच्या गालात काही अडकलं का ते बोटाला फडकं गुंडाळून बघायचं. जेवण झाल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवायचं. प्रत्येक घासाला ठसका येत असेल तर मात्र घरचे उपाय थांबवून डॉक्टरला दाखवायचं.

डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसासाठी शिकायचं थोडकंच आहे, पण तेही चुकतं. त्याला मागून ढकलायचं नाही की हात ओढायचा नाही. आपला कोपर पुढं करायचा, तो धरतो आणि अर्धं पाऊल मागं चालतो. घरातली बाज, हंडा, पाटा यांची जागा विचारल्याशिवाय हलवायची नाही.

शिकवणार कोण, पैसे कुठले

जिल्हा रुग्णालयात आणि मोठ्या सरकारी दवाखान्यांत फिजिओथेरपिस्ट असतात. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच्याजवळ लोखंडी सावरगावला वृद्धत्वाच्या व मानसिक आजारांसाठीचं सरकारी केंद्र आहे. गावाच्या जवळ आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. म्हाताऱ्यांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. ग्रामपंचायतीने ठरावासकट लेखी मागणी केली तर माणूस येतो. तोंडी सांगून सहसा येत नाही.

कोणाला बोलवायचं याची यादी नव्याने करायची गरज नाही. आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा सी-बॅक नावाचा फॉर्म भरतात. त्यात साठीच्या पुढच्या माणसाला विचारलेलं असतं की उभं राहताना-चालताना तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावं विसरता का. म्हणजे गावात कोणाच्या घरी हात लागणार आहेत ते कागदावर आधीच आहे. त्या यादीवर मुकादमांना विचारून एवढीच खूण करायची की कोणत्या घरचा कोयता यंदा जाणार.

पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आधी हा वाटा ३ टक्के होता. घरपट्टी-पाणीपट्टी मिळून दोन लाख जमत असतील तर ही रक्कम १० हजार होते. बहुतेक गावांत ती मार्चअखेर थोडी थोडी वाटून टाकतात, काही गावांत तेवढीही नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घ्यावा, ग्रामसेवकांकडून (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) या निधीत काय बसतं ते विचारून घ्यावं आणि भाद्रपदात दिवस ठरवावा. तज्ज्ञाचा प्रवास, चहा आणि जेवण एवढाच खर्च आहे. मांडव आणि हार नसले तरी चालतं.

हे शेजाऱ्यांच्या भरवशावर होईल का, अशी शंका घेणारे असतात. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यात गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाण्याची रीत २००१ च्या सुमारास सुरू झाली. २००८ मध्ये त्या राज्याने त्याचं धोरण केलं आणि आज तिथं पंचायतींच्या मदतीने परिचारिका घरोघरी जातात. तिथली माणसं गल्फला गेलेली, आपली फडात गेलेली. मागं राहणारं म्हातारं माणूस दोन्हीकडं सारखंच.

निघण्याआधी कागद

त्याच दिवशी दुसऱ्या कोपऱ्यात कागदांचं टेबल लावावं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ४० टक्क्यांचं किंवा पुढचं असेल तर बहुतेक योजना लागू होतात. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ झाले आहेत, लकव्याने कायमचं अधूपण आलं असेल तर तेही तपासून घेता येतं. त्यासाठी आजीला दवाखान्यात न्यावं लागतं, आणि नेणारी गाडी व माणसं दसऱ्याआधीच गावात असतात. श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेचा पगार ज्या खात्यावर येतो ते आधारला जोडलेलं आहे ना, हयातीचा दाखला कोण देणार, हे ठरवून जावं. रेशन एकाच कार्डावर वाटून घेता येतं, काही धान्य फडाजवळच्या दुकानात, काही गावात. सगळं तिकडं उचललं तर आजीच्या घरी डबा रिकामा.

घरात मतिमंद, सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्न मूल असेल आणि ते अठरा वर्षांचं झालं असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. ती समिती जिल्हाधिकाऱ्यांकडं असते. एक हंगामाचं हे काम नाही, पण अर्ज तरी पडावा.

मुद्दाम टाकून दिलेल्या म्हाताऱ्यांची गोष्ट निराळी. शेत नावावर करून घेतलं आणि बघणं सोडलं, तर २००७ च्या कायद्याने प्रांताधिकाऱ्यांपुढं दाद मागता येते, बघण्याच्या अटीवर केलेलं बक्षीसपत्र रद्दही होऊ शकतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फोन फुकट आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८. हे दोन्ही नंबर, आशाताईचा आणि मुकादमाचा नंबर मोठ्या अक्षरात कुशीच्या वेळांशेजारी लिहावेत. मुकादमाचा एवढ्यासाठी, की फडात रेंज नसली तरी निरोप त्याच्यामार्फत पोचतो.

मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो आणि कोयते परत येतात. तेव्हा त्याच माणसांना अर्धा दिवस पुन्हा बोलवावं. सुनेने आजीच्या टाचा आणि माकडहाड बघावं, आणि शिकवणाऱ्याने नातीला विचारावं की सांगितलेल्यातलं काय काय जमलं नाही.